दलालाकडून नक्की काय हवं असतं?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



या मंडपात आजवर कीर्तनकार बोलले, डॉक्टर बोलले, बँकेचे साहेब बोलले. यंदा कार्यवाहांनी घरांच्या दलालाला उभं केलंय. माझ्या कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असं छापलेलं आहे, पण मी फोन केला की पलीकडचे काका काकूंना ओरडून सांगतात, ‘दलालाचा फोन आहे गं!’ मला त्याचं वाईट वाटत नाही. सराफ्यात, धान्याच्या मंडईत, गुरांच्या बाजारात, सगळीकडे मधला माणूस लागतो आणि सगळीकडे त्याच्याबद्दल संशय असतो. तो कुठे रास्त आहे आणि कुठे नाही, एवढंच मी आज सांगणार आहे. अठ्ठावीस वर्षं इंदुरात जुन्या घरांचे सौदे करतोय, तेव्हा बोलण्यात रजिस्ट्री, बयाना, गाइडलाइन असे इथलेच शब्द येतील. पुण्याहून आलेल्या सुनांनी रजिस्ट्री म्हणजे खरेदीखत आणि बयाना म्हणजे विसार समजावं.

आधी विकणाऱ्यांचं बोलू, कारण समोर बसलेल्यांत तेच जास्त दिसतायत. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर. इथल्या कितीतरी घरांची गोष्ट एकच आहे. आजोबांनी किंवा वडिलांनी होळकरांच्या नोकरीतून, पुढे शाळेतून, बँकेतून, पै पै साठवून प्लॉट घेतला, घर बांधलं. मुलं शिकली आणि पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. आता वर दोन खोल्या बंद, खाली दोन म्हातारी माणसं आणि अंगणात पारिजातकाचा सडा झाडायला कुणी नाही. मग एक दिवस मला बोलावणं येतं. चहा होतो आणि काका म्हणतात, ‘भाव तेवढा चांगला मिळवून द्या.’

तोंडाने सगळे भावच मागतात. पण अर्धा तास बसलं की दुसऱ्या गोष्टी बाहेर येतात. पैसा पूर्ण हातात येईल ना? केव्हा येईल? तोपर्यंत आम्हाला घराबाहेर तर काढणार नाहीत? शेजाऱ्यांना आत्ताच कळायला नको. आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून हळूच विचारतात, ‘रोज नवी माणसं घर बघायला येणार का हो? देवघराच्या खोलीत पायताण घालून जातात.’ माझ्या मते विकणाऱ्याची खरी यादी ही आहे, आणि भाव तिच्यात पहिला नाही. या वयात ते घर म्हणजे त्यांची एकुलती एक ठेव असते. पाच लाख कमी आले तर माणूस निभावून नेतो, पण सौदा अर्ध्यात अडकला आणि मधला पैसा मुलीच्या सासरी वा औषधपाण्यात खर्च होऊन गेला, तर निभावत नाही.

भावाबद्दल आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. तुम्ही तीन दलाल बोलावता. एक म्हणतो ऐंशी, दुसरा पंच्याऐंशी, तिसरा म्हणतो, ‘काका, सव्वा कोटी कुठे गेले नाहीत.’ घर कुणाला मिळतं? तिसऱ्याला. मग चार महिने कुणी फिरकत नाही. पाचव्या महिन्यात तो येतो आणि म्हणतो, ‘मार्केट जरा थंड आहे, भिया.’ असं करत करत तुम्हाला अठ्ठ्याहत्तरवर आणतो, आणि तोवर सगळ्या गल्लीला कळलेलं असतं की हे घर विकलं जात नाही, काहीतरी भानगड असणार. म्हणून दलालाला ‘किती मिळतील’ असं विचारू नका. ‘गेल्या वर्षात याच गल्लीत, याच मापाची, कोणती घरं कितीला गेली’ असं विचारा. ज्याने खरंच सौदे केलेत तो दोन-तीन घरं बोटाने दाखवेल. नुसता आकडा कुणीही फेकतो.

गाइडलाइनचा भाव वेगळा. तो कलेक्टरच्या दराचा, मुद्रांक त्यावर लागतो. बाजारात घर त्याच्या वरही जातं आणि जुन्या गल्लीत कधी खालीही. पण रजिस्ट्रीतली किंमत गाइडलाइनपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली गेली, तर आयकर खातं विकणाऱ्याच्या हिशेबात गाइडलाइनचीच किंमत धरतं, आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर कर लागू शकतो. हे दलालाने विसाराच्या आधी सांगायला हवं, नंतर नाही.

माझं सगळं म्हणणं या ‘आधी’ शब्दात आहे. लोकांना दलालाकडून गोड बातमी नको असते. वाईट बातमी वेळेवर हवी असते. आणि दलालाचा स्वार्थ नेमका उलटा असतो, कारण विसार झाला की दोन्ही पक्ष अडकतात, मग वाईट बातमी कळली तरी ती गिळून पुढे जातात आणि आमची दलाली वाचते.

वाईट बातमी बहुतेक वेळा कागदात असते. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, नगर निगमाचा संपत्तिकर वडिलांच्या नावाने भरला जातो, आणि घरातल्यांना वाटतं की पावती आपल्या नावाची म्हणजे घर आपलं. पावतीने किंवा नामांतरणाने मालकी ठरत नाही, तिथे फक्त कर कुणी भरायचा एवढं ठरतं. मालकी वारसांची, आणि वारसांत बहिणी आल्या. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हक्कदार झाली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. पण आपल्या घरांत काय म्हणतात? ‘तिचं लग्न थाटात करून दिलं, ती कशाला काही म्हणेल.’ ती नसेल म्हणत. तिची सही मात्र लागते, आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील ती मागतोच.

एका सौद्यात असंच झालं. विसार झाला, घेणाऱ्याने त्याचा जुना फ्लॅट विकला, मुलांचं शाळेत नाव घातलं, आणि अडीच महिन्यांनी बँकेच्या वकिलाने विचारलं की वंशावळीत चौथं नाव दिसतंय ते कोण? ती धाकटी आत्या. डोंबिवलीला. भावांशी पंधरा वर्षं बोलणं नाही. कर्ज थांबलं. घेणारा भाड्याच्या घरात, विकणारे काका पुण्यात मुलाच्या घरी सामान पाठवून बसलेले. मधल्या दलालाने पहिल्या दिवशी चहा पिताना ‘काका, तुम्ही भावंडं किती?’ एवढं विचारलं असतं तर आत्याकडे आधी जाता आलं असतं. शेवटी आत्या आल्या, घर सगळं फिरून बघितलं, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि सही केली. त्यांना पैसे नको होते. आपल्याला विचारलं जावं, एवढंच हवं होतं.

मुलगा परदेशात आणि घर दोघांच्या नावावर, हा आणखी एक नेहमीचा प्रकार. मुलगा येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागतं. ते तिकडे वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्यायचा असतो. आणि मुलगा अनिवासी ठरत असेल तर त्याच्या हिश्श्यावर करकपात वेगळ्या, बऱ्याच चढ्या दराने होते. इथल्या माणसाकडून पन्नास लाख किंवा त्यावरचं घर घेताना घेणारा एक टक्का कापून सरकारात भरतो, तो नियम तिथे चालत नाही. मुलाच्या सीएला अगोदर फोन करायला लावणारा दलाल मिळाला तर त्याला सोडू नका.

करावरून आठवलं. १९६८ साली बांधलेल्या घराचा खर्च काही हजारांत दाखवून बाकी सगळा नफा धरायचा, अशी अनेकांची समजूत आहे आणि ते घाबरून अर्धे पैसे रोखीत घ्यायला तयार होतात. घाबरू नका. १ एप्रिल २००१ च्या आधीची मिळकत असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत खर्च म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवसाच्या सरकारी दरापेक्षा जास्त नको. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साडेबारा टक्के दर आला, पण त्याआधी घेतलेल्या घरासाठी इथे राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीने, महागाई धरून वीस टक्क्यांनी काढलेला कर कमी येत असेल तर तेवढाच लागतो. नफा दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर सवलतही आहे. हिशेब केल्यावर पुष्कळांचा कर भीतीपेक्षा खूप कमी निघतो. उलट रोख घ्याल तर ते पैसे कुठे ठेवणार? बँकेत भरता येत नाहीत, मुलाला पाठवता येत नाहीत. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्याला मान्य नाही, जितके घेतले तितकाच दंड होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला, म्हणजे काका, तुम्हाला. ‘इतके एक नंबरचे, इतके दोन नंबरचे’ हे वाक्य जो दलाल पहिल्याच भेटीत बोलतो त्याला पाणी द्या, चहा देऊ नका.

आता घेणाऱ्यांकडे येतो. हे बहुतेक तिशी-पस्तिशीतलं जोडपं. दोघं नोकरीत, हातात रविवार एकच. त्यांना वाटतं पंधरा घरं बघावीत. खरं म्हणजे त्यांना चार घरं हवी असतात, पण त्यांच्या ऐपतीतली आणि त्यांना खरंच चालणारी. आमच्यात पद्धत अशी की आधी दोन भंगार घरं दाखवायची, मग जे विकायचंय ते दाखवायचं, म्हणजे ते महाल वाटतं. त्यात बिचाऱ्यांचे तीन रविवार जातात.

घरात शिरल्यावर नवरा भिंती ठोकून बघतो, बायको विचारते की नळाला पाणी किती वाजता येतं. तिचा प्रश्न दहापट मोलाचा. नर्मदेचं पाणी रोज की दिवसाआड, दाब किती, बोअर उन्हाळ्यात टिकतं का, पावसात गल्लीत पाणी साचतं का, कार वळते का, वरच्या मजल्यावर काय चालतं. याची उत्तरं दलालाला माहीत असतात. तो सांगत नाही, कारण विचारलं नव्हतं. माझ्या मते हे विचारायची गरज पडू नये. जे मला स्वतःला घर घेताना कळावंसं वाटलं असतं, ते घेणाऱ्याला न विचारता कळलं पाहिजे.

फ्लॅट असेल तर कार्पेट किती आणि त्यावर चढवलेलं किती हे आकड्यात मागा. प्लॉट असेल तर कॉलनी वैध की अवैध, डायवर्शन झालंय का. विकास प्राधिकरणाचा प्लॉट असेल तर लीज की फ्री होल्ड, लीजभाडं थकलंय का. गृहनिर्माण संस्थेचा असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्र. आणि बायपासकडच्या नव्या कॉलन्यांत ‘डायरी’वर सौदा करू नका. इंदुरात सगळ्यांना ठाऊक आहे डायरी म्हणजे काय: परवानगी यायच्या आधीच वहीत नाव लिहून पैसे घ्यायचे, हातात एक चिठ्ठी. ती चिठ्ठी तीन हातांतून फिरते आणि शेवटच्या हाताला प्लॉट नसतो. रेरा कायदा सांगतो की नोंदणीच्या कक्षेत येणारा प्रकल्प नोंदल्याशिवाय विकायचाच नाही, आणि नोंदलेला करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही.

रेराचं नाव निघालं तर एक गैरसमज दूर करतो. २०१६ च्या या कायद्याने एजंटांना नोंदणी लावली, ती बिल्डर विकत असलेल्या प्रकल्पातल्या घरांसाठी. त्यात नोंदणीविना धंदा करणाऱ्याला दिवसाला दहा हजार दंड आहे. महाराष्ट्रात तर महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. चांगलंच आहे. पण रामबागेतलं तुमच्या वडिलांचं घर या कायद्यात बसत नाही. तिथे मधला माणूस कुणीही असू शकतो, पानवालासुद्धा. तिथे तुमच्या बाजूने उभा आहे तो १८७२ चा जुना करार कायदा, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

तो का माहीत असावा हे एका बाईंच्या प्रकरणावरून सांगतो. यजमान गेलेले, मुलगा नाही, मुलगी रायपूरला. एका ओळखीच्या दलालाने ‘मावशी, मी सगळं बघतो’ म्हणत घर विकायला घेतलं. दोन महिन्यांनी म्हणाला, गिऱ्हाईक मिळालंय, चौसष्ट लाख, विसार पाच लाख, मुदत आठ महिने. करार झाला. त्यात एक ओळ होती: खरेदीदार सांगेल त्याच्या नावे रजिस्ट्री करून देण्यात येईल. मावशींना वाटलं, मुलाच्या किंवा बायकोच्या नावे घेत असतील. खरेदीदार म्हणून सही करणारा दलालाचा मेहुणा होता. आठ महिने त्या घराला गिऱ्हाईक शोधत हेच दोघं फिरत होते. रजिस्ट्रीच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या तरुण बाईशी मावशींच्या गप्पा झाल्या आणि ती सहज बोलून गेली, ‘पंच्याहत्तर जरा जास्तच झाले, पण आम्हाला गल्ली आवडली.’ कागदावर चौसष्ट. वरचे अकरा लाख मधल्या माणसाने रोखीत घेतलेले. मावशींनी सही केली, कारण विसार खर्च झाला होता आणि रायपूरला जायची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

एखादा माणूस उघडपणे ‘मी स्वतः घेतोय आणि नफ्याने विकणार आहे’ म्हणाला तर तो व्यापारी आहे, त्याच्याशी व्यापाऱ्यासारखं घासाघीस करता येते. पण ‘मी तुमच्या वतीने बघतो’ म्हणून चोरून स्वतःच घ्यायचं, याला कायद्यात जागा नाही. करार कायद्याची कलमं २१५ आणि २१६ सांगतात की एजंटाने मालकाच्या माहितीविना स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यात लबाडी किंवा नुकसान झालेलं असल्यास मालक तो व्यवहार नाकारू शकतो, आणि त्याला झालेला फायदा मागून घेऊ शकतो. कलम २२० सांगतं की गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या कामाची दलालीही मागता येत नाही. अर्थात कोर्टात जायचं वय आणि बळ सगळ्यांकडे नसतं. म्हणून ती ओळ आधी पकडायची. करारात ‘खरेदीदार सांगेल त्याच्या नावे’ असं दिसलं की पेन खाली ठेवा आणि विचारा, म्हणजे कुणाच्या? मुदतही तीन महिन्यांवर जात असेल तर कारण विचारा. ज्याला घर राहायला हवंय त्याला बँकेचं कर्ज मिळायला तेवढे पुरतात.

तोच प्रश्न मलाही विचारा: तुम्ही कुणाचे? मी दोन्हीकडून दलाली घेतो, आमच्याकडे बहुतेक सगळे घेतात. जो दोघांकडून घेतो त्याने एकाच्या वतीने भाव ताणायचा आव आणू नये. मी दोघांना समोरासमोर बसवतो, आकडा तेच ठरवतात. माझं काम कागद तपासून घेणं, माणूस खरा आहे का बघणं, निरोप जसाच्या तसा पोचवणं. भाव तुमच्याच बाजूने ताणणारा माणूस हवा असेल तर त्याला एकट्या तुमच्याकडून दलाली द्या आणि तसं लिहून घ्या. एका पानावर चार गोष्टी लिहा: दलाली किती, कोण देणार, केव्हा देणार, सौदा मोडला तर काय. वेगळा करार नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय दलाली देय होत नाही, हेही त्याच जुन्या कायद्याच्या कलम २१९ मध्ये आहे. विसाराच्या दिवशीच अर्धी मागणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

आमचंही थोडं ऐकून घ्या. एक घर सात दलालांना देऊ नका. सात तोंडी सात भाव होतात आणि घराची किंमत जाते. गच्ची गळते हे आम्हाला सांगा. रंग देऊन लपवलंत तर श्रावणात घेणारा आमच्याच दारात येतो. आणि आम्ही आणलेल्या माणसाला परस्पर भेटून ‘दलालाला वगळा, दोघांचे पैसे वाचतील’ असं कुजबुजू नका. संध्याकाळपर्यंत आम्हाला कळतंच.

रजिस्ट्री झाल्यावर दलाल गायब होतो, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो आणि ती शंभर टक्के खरी आहे. अजून नामांतरण राहिलेलं असतं, वीज आणि पाण्याची जोडणी नव्या नावावर करायची असते, विकणाऱ्याचं सामान निघायचं असतं. ताबा कोणत्या तारखेला, हे करारातच लिहून घ्या, आणि पितृपक्षात सामान हलवणार नाही म्हणणाऱ्या काकूंना पंधरा दिवस जास्त द्या, त्याने कुणाचं काही जात नाही. किल्ली देताना मी दोन्ही कुटुंबांना एकत्र उभं करतो. मीटर कुठे, टाकीचा व्हॉल्व्ह कुठला, पारिजातकाला पाणी किती, हे जुन्या मालकिणीने नव्या मालकिणीला सांगायचं असतं. तेवढं मला सांगता येत नाही.

आरतीची वेळ झालीय, कार्यवाह घड्याळ दाखवतायत. कुणाचे कागद बघायचे असतील तर प्रसादानंतर मी मागच्या खुर्च्यांवर बसेन. ते बघायची दलाली नाही.

गणपती बाप्पा मोरया!